आजोबांची आंघोळ

माझी मावशी न दिसणाऱ्या वस्तू बनवते. हे वाक्य तिच्या सासूबाईंचं. त्या ते कौतुकानं म्हणत नाहीत, गाऱ्हाणं म्हणून सांगतात. लग्न होऊन मावशी त्या घरात आली तेव्हा शेजारणींनी विचारलं, सून काय करते? सासूबाई म्हणाल्या, "काहीतरी फार बारीक काम करते." त्यानंतर बरेच महिने शेजारणी उसवलेल्या कॉलरी आणि टेबलावरची फाटकी कापडं घेऊन येत राहिल्या. मावशीनं त्यातली काही शिवूनही दिली. कुणाला नाही म्हणणं तिला जड जायचं.

काका क्रेन चालवतात. बांधकामावर, माणसं मुंगीएवढी दिसतात अशा उंचीवर, काचेच्या खोलीत बसून ते लोखंडाचे गठ्ठे उचलतात आणि अलगद खाली ठेवतात. संध्याकाळी बूट काढता काढता ते मावशीला विचारतात, "आज किती उचललंस?"

"चिमट्याच्या टोकावर मावेल एवढं."

"दमली असशील."

हा विनोद इतका जुना झालाय की त्यावर आता कुणी हसत नाही. पण एखाद्या दिवशी काका विचारायला विसरले, तर मावशी पिशवी खाली न ठेवता तशीच दारात रेंगाळते.

मावशी आणि माझी आई रंगाच्या दुकानात वाढल्या. मागच्या खोलीत खडे कुटून, दळून रंगाची पूड व्हायची. तिथेच मावशीच्या लक्षात आलं, की एकच निळा खडा जाडसर दळला तर गडद दिसतो आणि अगदी बारीक दळला तर आभाळासारखा फिका पडतो. आईच्याही ते लक्षात आलं होतं. आईनं ते तिथेच सोडून दिलं, मावशीनं धरून ठेवलं. पुढे ती शिकली, की वस्तू लहान करत नेली की एका टप्प्यानंतर ती नुसती लहान राहत नाही, वेगळीच होते. सोन्याचे फार बारीक कण पाण्यात तांबडे दिसतात. जे धातू एरवी ढिम्म असतात ते नको तितके उत्साही होतात. "माणसांचं उलट असतं," मावशी म्हणते. "माणूस मोठा होत गेला की वेगळा होतो." हे ती आमच्या नातेवाइकांबद्दल बोलत नसते. तिच्या डोळ्यांसमोर तिचे संचालक असतात.

मावशीची संस्था चार मजली आहे आणि चौथ्या मजल्यावर सगळे असेच न दिसणाऱ्या वस्तूंवर काम करणारे. एका खोलीत नेमक्या दुखऱ्या जागी औषध पोचवणारे कण बनतात. तिथल्या शास्त्रज्ञाचं डोकं कायम दुखत असतं. समोरच्या खोलीत महिनाभर टिकणाऱ्या बॅटऱ्यांचं काम चालतं. तिथल्या बाईंचा फोन दुपारीच बंद पडतो. आणि कॉरिडॉरच्या टोकाला, जिथली खिडकी पावसाळ्यात उघडत नाही आणि उन्हाळ्यात बंद होत नाही, तिथे मावशीची खोली. खोलीत मावशी आणि तिच्याकडे पीएचडी करणारे दोघं. एक मुलगी, जिला सगळे बडबडी म्हणायचे, आणि एक मुलगा, ज्याला मौनी म्हणायचे. दोघांना एकत्र ठेवलं तर साधारण दोन माणसांएवढं बोलणं व्हायचं.

त्या खोलीत मावशीनं एक पूड बनवली होती. करड्या रंगाची, फुंकर मारली तर उडून जाईल अशी. कापड रंगवणाऱ्या कारखान्यातून जे लाल पाणी बाहेर पडतं, त्यात ही पूड टाकायची, एक साधं मदतनीस रसायन टाकायचं आणि ढवळायचं. थोड्या वेळात पाणी नितळ व्हायचं. सरबत बघता बघता पाणी व्हावं तसं. मी ते एकदा पाहिलं. लाल रंग कडेनं विरळ होत जातो, मग गुलाबी, मग असल्याची नुसती शंका, आणि मग पलीकडे ठेवलेल्या डब्यावरची अक्षरं बीकरमधून वाचता येतात.

ढवळायचं काम करायचे आजोबा.

आजोबा म्हणजे बोटाच्या पेराएवढी पांढरी बीड, लांबट मण्यासारखी. आत लोहचुंबकाचा तुकडा, वरून गुळगुळीत आवरण. बीकरखालच्या यंत्रात दुसरं चुंबक फिरतं, त्याच्या ओढीनं वरची बीड पाण्यात गरगर फिरते. अशा बीड प्रत्येक प्रयोगशाळेत मूठभर असतात. पण ही एक फार जुनी होती. खोली मावशीला मिळाली तेव्हा खणातच सापडली होती. आवरण पिवळट पडलेलं, अंगभर ओरखडे, फिरताना जरा लंगडायची. म्हणून बडबडीनं नाव ठेवलं आजोबा. पूड पहिल्यांदा चालली तेव्हा बीकरमध्ये आजोबा होते. आणि विज्ञानाचा नियम असा, की जे एकदा चाललं त्यात काही बदलायचं नाही. म्हणून पुढच्या प्रत्येक प्रयोगाला आजोबाच. बाकीची भांडी, बीड, चमचे ॲसिडमध्ये बुडवून लख्ख व्हायचे. आजोबांना फक्त पाण्यानं विसळायचं. पहिल्या दिवशी तसंच केलं होतं ना.

"ही अंधश्रद्धा नाही," बडबडी मला म्हणाली होती. "हा प्रोटोकॉल आहे."

घरी मावशीचे फोन चालायचे. "आजोबा कुठे आहेत? ... बरं. आंघोळ नको घालूस हं, नुसते विसळ आणि कोरडे करून खणात ठेव." सासूबाई हे ऐकायच्या आणि ताटातलं जेवण चिवडत बसायच्या. एके दिवशी त्यांनी काकांना बाजूला घेतलं. "म्हातारपणी मला तिच्याकडे सोपवू नकोस," म्हणाल्या.

आता खोलीचं सांगायला हवं, कारण सगळं त्या खोलीवर येऊन ठेपलं. संस्थेत बैठका वाढल्या होत्या आणि बैठकांना जागा नव्हती. जागा कुठून काढायची यावर बैठका होत होत्या, त्या जिन्यात. शेवटी संचालकांची नजर मावशीच्या खोलीवर गेली. त्यांनी मावशीला बोलावलं.

"मॅडम, तुमची पूड बीकरमध्ये चालते. टाकीत चालेल का?"

"चालायला हवी."

"मग कारखान्याची टाकी साफ करून दाखवा. दाखवलीत तर खोली तुमची. मी स्वतः दारावर पाटी लावेन. नाहीतर मला तिथे लांब टेबल बसवायचंय."

"खिडकी उघडत नाही तिथली," मावशी म्हणाली.

"बैठकीला खिडकी कशाला लागते?"

म्हणजे पूड टाकीत चालली तर मावशीचं काम टिकणार, नाहीतर संपणार. दुसरी खोली नव्हती, आणि खोलीशिवाय ती पूड म्हणजे नुसती डबीतली धूळ.

कारखान्याची टाकी विहिरीएवढी. त्यात वल्ह्यांएवढी लोखंडी पाती फिरतात. मावशीनं पोत्यांनी पूड बनवून ओतली. पाणी लालच राहिलं. कारखान्याचे रंगमास्तर, ज्यांचे हात कोपरापर्यंत कायमचे जांभळे आहेत, कठड्याला टेकून बघत होते. "वेळ लागत असेल," ते भिडेखातर म्हणाले. दुसऱ्या दिवशीही लालच. तिसऱ्या दिवशी त्यांनी बघायलाही यायचं सोडलं.

त्याच सुमारास दूरच्या एका प्रयोगशाळेतून फोन आला. मावशीचा शोधनिबंध वाचून तिथे बनवलेली पूड चालत नव्हती. मावशीनं आपली पूड पाठवली. तीही चालली नाही. मग मावशी स्वतः गेली, सवयीनं आजोबांना रुमालात गुंडाळून घेऊन गेली, आणि तिथल्या पाण्यात, तिथल्या यंत्रावर, तिथल्या लोकांसमोर पाणी नितळ झालं. टाळ्या पडल्या. ती परत आली तर मागोमाग फोन.

"मॅडम, तुम्ही गेलात आणि पाणी पुन्हा लाल."

"माझ्या जाण्याचा काय संबंध?"

"आम्हालाही तोच प्रश्न पडलाय. तुमच्याबरोबर आणखी कोण आलं होतं?"

संबंध आजोबांचा असणार, हे चौथ्या मजल्यावर सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. पण काय संबंध? संचालकांनी समिती नेमली. समितीनं आजोबांचं वजन केलं, लांबी मोजली, लंगडण्याचा आलेख काढला. डोकं दुखणाऱ्या शास्त्रज्ञाचं मत पडलं की सगळी किमया लंगडण्यात आहे. त्यामुळे पाण्यात विशिष्ट भोवरे उठतात. मग हुबेहूब आजोबांसारख्या बीड बनवून घेतल्या. त्यांच्यावर यंत्रानं मोजून तसेच ओरखडे पाडले. त्या अगदी तशाच लंगडत फिरल्या आणि पाणी लालच राहिलं. समितीनं लिहिलं की नव्या बीडना अनुभव कमी पडतो.

त्या दिवसापासून आजोबांची ऐट वाढली. संचालकांनी आपल्या चष्म्याचं मखमली घर दिलं, त्यात आजोबा राहू लागले. ते घर घेऊन मावशी बाहेर पडताना तिला फाटकावर अडवलं, कारण विना ओळखपत्र कुणाला आत-बाहेर करता येत नाही. म्हणून ओळखपत्र काढलं. फोटोसाठी पांढऱ्या पडद्यासमोर आजोबांना पुस्तकावर ठेवलं. हुद्द्याच्या जागी काय लिहायचं यावर हेडक्लार्कनी फार विचार केला आणि लिहिलं, 'वरिष्ठ'. रविवारी सुट्टी, दिवसाला एकच प्रयोग. बॅटरीवाल्या बाई एकदा हळूच येऊन म्हणाल्या, "आमच्याकडे अर्धा तास पाठवता का? बॅटरी ढवळायची नसते, पण नुसते शेजारी बसले तरी चालेल."

मावशी हसली. पण संध्याकाळी काकांनी विचारलं, "आज किती उचललंस?" तर म्हणाली, "मी कुठे काय उचलते."

टाकीचा प्रश्न तसाच होता. संचालकांनीच तोडगा काढला.

"आजोबांना टाकीत सोडू."

बैठक जिन्यात होती. सगळे आपापल्या पायरीवर स्तब्ध झाले.

"सर, ते बोटाच्या पेराएवढे आहेत," मावशी म्हणाली. "टाकी विहिरीएवढी."

"दोरीला बांधून सोडू."

मौनी त्या आठवड्यात पहिल्यांदाच बोलला. "बुडतील."

"म्हणूनच दोरी," संचालक म्हणाले. तारीख ठरली. आधी खोलीत, पाहुण्यांसमोर, बीकरमध्ये प्रात्यक्षिक. मग आजोबांना सन्मानानं गाडीतून कारखान्यात न्यायचं.

त्या तारखेच्या काही दिवस आधीची सकाळ. बडबडी सरावाचा प्रयोग लावत होती आणि लावता लावता मौनीला आपल्या बहिणीच्या नवऱ्याबद्दल सांगत होती. तो कसा प्रत्येक गोष्टीचं श्रेय घेतो, घरात दिवा लागला तरी मीच लावला म्हणतो. आजोबा फिरत होते. पाणी नितळ झालं. बडबडीनं बीकर उचलला आणि तिची नजर शेजारी गेली. पुडीची कुपी शेजारीच होती. झाकण लागलेलं.

"मी पूड टाकली?" तिनं मौनीला विचारलं.

मौनीनं मान हलवली. नाही.

"नाही कशी? पाणी पांढरं झालंय."

मौनीनं पुन्हा मान हलवली. मावशी खिडकीपाशी उभी होती. ती आली, कुपी उचलून उजेडात धरली. पूड काठोकाठ होती.

माणसाला जे कळायला वर्षं लागतात ते कधी कधी एका नजरेत कळतं, आणि मग त्या वर्षांचं काय करायचं ते कळत नाही. मावशी म्हणाली, "पुन्हा लावा. पूड नको. आजोबा राहू देत." पाणी नितळ झालं. "आता पूड टाका. पाकिटातली कोरी बीड घ्या." कोरी बीड नीट, सरळ, न लंगडता फिरत राहिली. पाणी जसंच्या तसं लाल.

पुडीशिवाय काय होतं हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं असं नाही. दर खेपेला पाहायचे. शेजारच्या यंत्रावर दुसरा बीकर असायचा, त्यात पूड सोडून बाकी सगळं. तिथे पाणी लाल राहायचं, आणि म्हणून पूड खरी ठरायची. पण आजोबा एकच. ते मानानं खऱ्या प्रयोगात बसायचे, आणि बिनपुडीच्या बीकरमध्ये कोरी बीड. काखेत कळसा म्हणतात तो असा गरगर फिरत होता.

"पण आजोबांच्या अंगात आहे तरी काय?" बडबडीनं विचारलं. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

मावशीनं आजोबांना भिंगाखाली धरलं. ओरखड्यांच्या तळाशी काळसर रेघा होत्या. या खोलीत मावशीच्या आधी कुणीतरी मौल्यवान धातूंचे कण बनवायचं. ते कण ओरखड्यांत जाऊन बसले होते आणि इतकी वर्षं, नुसत्या पाण्यानं विसळल्यामुळे, तिथेच सुखानं नांदत होते. रंग ते खात होते. मावशीची पूड फक्त पाहुणी होती. आणि ते धातू रंग खातात हे काही नवं नव्हतं. ते आमच्या जन्माआधीपासून पुस्तकांत आहे. नवी होती ती पूड, आणि ती काहीच करत नव्हती.

संध्याकाळी जेवायच्या टेबलावर मावशीनं हे सगळं सांगितलं. मी तिथे होते. काकांनी हातातला पाण्याचा पेला तसाच धरून ठेवला. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं तू जे करत होतीस ते तू करतच नव्हतीस."

"आई," काका म्हणाले.

"मी आपलं समजून घेतेय. आणि करत कोण होतं? म्हातारा."

"हो," मावशी म्हणाली.

"आंघोळ न करणारा."

"हो."

सासूबाई विचारात पडल्या. "आमच्या घरातही असंच होतं," म्हणाल्या. "मरेपर्यंत कळलं नाही घर कोण चालवतंय."

काकांनी विषय बदलला. "कुणाला सांगितलंस?"

"नाही अजून."

"मग सांगूच नकोस. पाणी साफ होतंय ना? कशानं का होईना. खोली तर राहील."

"बीकरमधलं होतंय. टाकीतलं नाही होणार. दोरीला बांधून दहा वर्षं फिरवले तरी नाही होणार."

"ते टाकीचं बघू मग. निदान खोली..."

"तुम्ही वर एक गठ्ठा उचललात," मावशी म्हणाली, "आणि तुम्हाला कळलं की तो तुमच्या क्रेननं उचललेला नाही. तर तुम्ही तो खालच्या माणसांच्या डोक्यावरून न्याल?"

काका म्हणाले, "मला आधी हे कळू दे की तो उचलला कुणी," आणि पेला खाली ठेवला.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी खोलीत उभं राहायला जागा नव्हती. संचालक, समिती, कारखान्याची माणसं, दाराशी हेडक्लार्क. रंगमास्तर मागे भिंतीला टेकून, हात पाठीमागे लपवून उभे होते. मावशीनं पुडीची कुपी सगळ्यांना दाखवली आणि बाजूला ठेवली.

"आज मी पूड टाकणार नाही," ती म्हणाली.

आजोबा चष्म्याच्या घरातून निघाले आणि लाल पाण्यात उतरले. लंगडत लंगडत फिरू लागले. पाणी गुलाबी झालं, मग नितळ झालं.

"बघितलंत? पुडीचा काही उपयोग नाही," मावशी म्हणाली.

संचालकांनी टाळी वाजवली आणि खोलीभर टाळ्यांचा पाऊस पडला.

"म्हणजे पूडसुद्धा लागत नाही," संचालक पाहुण्यांकडे वळले. "ही यापुढची पायरी. जगात सगळे काहीतरी टाकून पाणी साफ करतात. आपण काहीही न टाकता केलं."

"सर, तसं नाही."

"मॅडमचा विनय बघा."

"सर, ही माझी चूक आहे. मी ती दाखवतेय."

"फार मोठी चूक आहे," डोकं दुखणारे शास्त्रज्ञ भारावून म्हणाले.

मावशीनं मौनीकडे पाहिलं. मौनीनं धूर ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटाची फळी वर सरकवली. आत बीकरमध्ये नारिंगी पिवळं अम्लराज वाफाळत होतं, सोनंसुद्धा विरघळवणारं. मावशीनं हातमोजे चढवले, लांब चिमट्यानं आजोबांना उचललं.

"हे काय करताय?" संचालकांनी विचारलं.

"आंघोळ घालतेय."

"प्रोटोकॉलमध्ये नाही ते," समितीतलं कुणीतरी म्हणालं.

"तेच चुकलं," मावशी म्हणाली आणि आजोबांना सोडलं.

वेळ लागणार होता, म्हणून पाहुणे चहाला गेले. खोलीत राहिले मावशी, बडबडी, मौनी आणि रंगमास्तर. पिवळं पाणी आणखी गडद होत गेलं. कुणाकुणाच्या हातचे, कधीकधीचे कण त्यात उतरत होते. पाहुणे परत आले तेव्हा मावशीनं आजोबांना धुऊन, पुसून पुन्हा लाल पाण्यात सोडलं. ते स्वच्छ, पांढरे झाले होते, पोरवयात असावेत तसे. लंगडत फिरले. खूप वेळ फिरले. पाणी लालच राहिलं. संचालक घड्याळाकडे आणि बीकरकडे आळीपाळीनं बघत होते.

"गेले?" ते हलक्या आवाजात म्हणाले.

"ते कधी नव्हतेच, सर," मावशी म्हणाली. "त्यांच्या अंगावरचा मळ होता."

हेडक्लार्कनी घसा खाकरला. "मॅडम, नोंद कशी करायची? निधन, की निर्लेखन?"

यावर एक बैठक झाली. ती मात्र जिन्यात झाली नाही. पंधरवड्याच्या आत मावशीची खोली रिकामी झाली, भिंती रंगवल्या गेल्या, लांब टेबल आलं. आजोबा संस्थेची मालमत्ता असल्यामुळे तिथेच राहिले, भिंतीतल्या काचेच्या कपाटात, ओळखपत्रासकट. बडबडीला आणि मौनीला दुसरे मार्गदर्शक देऊ केले गेले. बडबडी म्हणाली, विचार करून सांगते, आणि लगेच नाही म्हणाली. मौनीनं मान हलवली.

मावशी घरी बसली. सासूबाई शेजारणींना सांगू लागल्या की सून आता मोठं काम शोधतेय. काका रोज विचारायचे, आज किती उचललंस, आणि मावशी म्हणायची, भांडी. एकदा ती मला म्हणाली, "रंग जायचा ना, तेव्हा मला वाटायचं मी केलं. ते वाटणं काही खोटं नव्हतं गं. फक्त तिथे मी नव्हते." आणि उठून तिनं कपाट आवरायला घेतलं.

मग एका दुपारी रंगमास्तर आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. हाताचा रंग खुर्चीला लागेल असं त्यांना वाटत असावं, जरी तो कधीचाच लागण्यापलीकडे गेला होता.

"बाई, आमच्याकडे कितीतरी जण येऊन गेले," ते म्हणाले. "पुड्या घेऊन, जाळ्या घेऊन, दिवे घेऊन. सगळ्यांच्या बीकरमध्ये पाणी पांढरं होतं. फोटो काढतात, जातात. आमची टाकी लालच. होत नाही, असं आमच्यासमोर सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या."

"ते सांगायला कशाला कुणी हवं? तुम्हाला दिसतंच की."

"आम्हाला दिसतं. सांगत कुणी नाही." त्यांनी हात पाठीमागे घेतले. "टाकीला लागून एक शेड आहे. पत्र्याची आहे. उन्हाळ्यात भाजते. पाती फिरायला लागली की एकमेकांचं ऐकू येत नाही, त्यामुळे बैठक वगैरे काही घेता येणार नाही तिथे."

"अजिबात नाही?"

"शक्यच नाही."

मावशीनं चहा टाकला.

शेडमधल्या पहिल्या दिवशी मी त्यांचे डबे घेऊन गेले होते. फळ्यांचं टेबल, एक यंत्र, पाण्याचं पिंप, मावशीनं नव्यानं बनवलेल्या पुडीची कुपी. पात्यांच्या घरघरीत बडबडी ओरडून बोलत होती आणि मौनीला तो आवाज मानवत असावा, कारण तोही अधूनमधून ओरडत होता. मावशीनं पाकीट फाडून कोरी बीड काढली, तीही अम्लराजात धुतली. टाकीतलं लाल पाणी घेतलं, मदतनीस रसायन टाकलं. बाकी काही नाही. यंत्र सुरू केलं.

आम्ही चौघं त्या बीकरकडे बघत उभे राहिलो. डबे गार झाले. पाणी लाल होतं.

"लालच आहे ना?" मावशीनं विचारलं.

"लालच," बडबडी ओरडली.

"कडेनं गुलाबी?"

"मॅडम, याहून लाल पाणी जगात नसेल."

मावशीनं मौनीलाही विचारलं. त्यानं वाकून, डोळे बारीक करून, पुष्कळ वेळ पाहिलं आणि "लाल" असं म्हणून वर आला.

"मग आता पहिल्यांदा करू," मावशी म्हणाली आणि तिनं नव्या पुडीच्या कुपीचं झाकण उघडलं.